काही हक्क स्वाधीन

पुस्तक हाती आले की वाचकाचे लक्ष प्रथम मुखपृष्ठावरील चित्राकडे जाते, मग ग्रंथकाराच्या नावाकडे, आणि लागलीच पहिल्या प्रकरणाकडे. मधले एक पान मात्र बहुधा न वाचताच उलटले जाते. शीर्षकपृष्ठाच्या पाठीमागील हे पान दिसावयास रुक्ष असते. प्रकाशकाचा पत्ता, मुद्रकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि मूल्य एवढाच मजकूर त्यावर बारीक टाइपात छापलेला असतो. आणि त्यातच कोठेतरी तीन शब्द असतात : ‘सर्व हक्क स्वाधीन’. या तीन शब्दांनी त्या पुस्तकाभोवती एक कुंपण घातलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ते दगडी भिंतीइतके पक्के असते. ज्याच्याकडे ते हक्क आहेत त्याच्या संमतीवाचून त्या पुस्तकाच्या प्रती छापून विकता येत नाहीत, त्याचे भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही, की त्यातील कथेवरून नाटक रचून ते रंगभूमीवर आणता येत नाही. या अधिकाराला मराठीत स्वामित्वहक्क म्हणतात. व्यवहारात ‘कॉपीराइट’ हा इंग्रजी शब्दच अधिक रूढ आहे.

नवल असे, की ते तीन शब्द छापले नाहीत तरी कुंपण असतेच. सातवीतील एखाद्या मुलीने पावसावर कविता रचून वहीत उतरविली, की त्याच क्षणी त्या कवितेची स्वामिनी ती होते. त्यासाठी तिला कोठे अर्ज करावा लागत नाही, की शुल्क भरावे लागत नाही. ती कविता तिला न विचारता दुसऱ्या कोणी आपल्या नावावर छापून आणली, तर तो तिच्या हक्काचा भंग होय. मग छापणारा वयाने वा मानाने कितीही मोठा असो.

छापखाना येण्यापूर्वी अशा कुंपणाची गरज कोणाला फारशी भासली नव्हती. पोथीची नक्कल करणे हे कष्टाचे काम होते. बोरू, शाई आणि कागद घेऊन महिनोन्‌महिने मान मोडून बसावे, तेव्हा कोठे एक प्रत सिद्ध होई. रामदासी मठांतून ‘दासबोधा’च्या नकला करणारे शिष्य हे काम सेवा म्हणूनच करीत. ग्रंथ जितक्या हातांनी उतरविला जाई, तितका तो अधिक जगे. परंतु नकला होता होता मूळ मजकूर बदलतही असे. कोणाच्या हातून शब्द गळे, तर कोणी आपल्या पदरची ओवी घुसडून देई. ‘ज्ञानेश्वरी’च्या बाबतीत हेच घडले होते. प्रतीप्रतींतून पाठ भिन्न झालेले पाहून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि अखेरीस बजावून ठेवले, की यापुढे या ग्रंथात कोणीही स्वतःची ओवी मिसळू नये. नकला करण्यास त्यांची मनाई नव्हती. मनाई होती ती फेरफार करण्यास. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तिचा संबंध पुन्हा येणार आहे.

पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील माइन्झ शहरी योहान गुटेनबर्ग याने सुट्या खिळ्यांनी पुस्तके छापण्यास प्रारंभ केला आणि युरोपात सारे चित्र पालटले. जी प्रत काढण्यास पूर्वी महिने लागत, तशा शेकडो प्रती आता थोड्या अवधीत निघू लागल्या. पण त्याबरोबर एक नवा अन्यायही आला. एखाद्याने वर्षानुवर्षे खपून ग्रंथ लिहावा, मुद्रकाने पैसे घालून तो छापावा, आणि तो खपतो आहे असे दिसताच दुसऱ्याने तोच ग्रंथ स्वस्तात छापून बाजारात आणावा, असे प्रकार सर्रास होऊ लागले. ग्रंथकाराच्या पदरात काहीच पडेना. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१० साली यावर कायदा केला. हा कायदा विद्येच्या उत्तेजनार्थ आहे, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले होते. त्याने नव्या पुस्तकाचा हक्क ग्रंथकाराला १४ वर्षे दिला, आणि ती मुदत संपताना ग्रंथकार हयात असेल तर आणखी १४ वर्षे. त्यानंतर ते पुस्तक कोणीही छापावे. म्हणजे कायद्याने एका हाताने हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने त्याला मुदत घातली. लिहिणाऱ्याला पोटापुरते मिळावे आणि कालांतराने त्याची कृती सर्व समाजाची व्हावी, असा हा सौदा होता. आणि तो शहाणपणाचा होता.

पुढे मात्र ही मुदत वाढतच गेली. १८८६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन परस्परांच्या ग्रंथकारांचे हक्क मानण्याचा करार केला. भारताने स्वातंत्र्यानंतर स्वतःचा कायदा १९५७ साली केला. त्यात ग्रंथकाराच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतर ५० वर्षे हा हक्क राहील असे ठरले. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा ती वाढवावी अशी मागणी झाली, आणि १९९२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ५० ऐवजी ६० वर्षे झाली. ही वाढ एकट्या रवींद्रनाथांच्या ग्रंथांना नव्हे, तर सर्वांनाच लागू झाली. ही वर्षे मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळे झाले. आज ते कोणालाही छापता येते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. कुंपण आहे म्हणून पुस्तकाला हातच लावू नये, असा याचा अर्थ नव्हे. स्वतःच्या अभ्यासासाठी उतारा वहीत लिहून घेणे, परीक्षण करताना त्यातील ओळी देणे, वर्गात शिकविण्यासाठी त्याचा उपयोग करणे, अशा गोष्टींना भारतीय कायद्याने मर्यादेत मोकळीक दिली आहे. अडचण येते ती त्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्याला.

हे कुंपण स्वतःहून काढून टाकणारे लेखकही होऊन गेले. रशियाचे थोर कादंबरीकार लिओ टॉलस्टॉय यांनी १८८१ नंतरच्या आपल्या लेखनावरील हक्क सोडत असल्याचे १८९१ साली जाहीर केले. टॉलस्टॉय यांना गुरुस्थानी मानणाऱ्या गांधीजींनी १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परतताना बोटीवर ‘हिंद स्वराज’ हे छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले. मुंबई सरकारने मार्च १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी गांधीजींनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यावर जे छापले ते नेहमीच्या रिवाजाच्या अगदी उलट होते : ‘कोणतेही हक्क स्वाधीन नाहीत.’ ज्या पुस्तकाचा प्रसार सरकार रोखू पाहत होते, ते कोणीही छापावे आणि कोणीही वाटावे, असे लेखकच सांगत होता. परंतु सारे हक्क सोडण्यात एक उणेपणा असतो. लेखनाची मोडतोड झाली, त्यातील अर्थाचा अनर्थ केला गेला, तरी तो अडविण्याचे साधन लेखकाच्या हाती उरत नाही. पुढे १९४० साली खुद्द गांधीजींनीच आपल्या लेखनाचे हक्क अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टकडे सोपविले. ते २००८ अखेरपर्यंत चालले.

सारे राखावे की सारे सोडावे, हेच दोन मार्ग बराच काळ लोकांपुढे होते. तिसरा मार्ग निघाला तो अमेरिकेत, आणि त्याच्या मुळाशी एका बापाची आपल्या मुलींसाठी चाललेली धडपड होती.

एरिक एल्ड्रेड हे न्यू हॅम्पशायर राज्यातील गृहस्थ. नॅथॅनिएल हॉथॉर्न या जुन्या अमेरिकन लेखकाची १८५० साली निघालेली कादंबरी आपल्या मुलींना गोड लागत नाही, हे पाहून त्यांनी १९९५ च्या सुमारास ती संगणकावर उतरविली आणि सोबत टिपा, संदर्भ व चित्रे यांची जोड दिली. मुलींना ती कितपत आवडली हा भाग निराळा. पण इंटरनेटवर मांडलेले ते पुस्तक दूरदूरचे लोक वाचू लागले. उत्साह येऊन एल्ड्रेड यांनी मुदत संपलेल्या इतर पुस्तकांचेही असेच एक वाचनालय उभारले. कोणी पैसे देत नव्हते आणि ते कोणाकडून घेतही नव्हते. रॉबर्ट फ्रॉस्ट या कवीचा ‘न्यू हॅम्पशायर’ हा संग्रह १९२३ साली प्रसिद्ध झालेला. आपल्याच राज्याचे नाव धारण करणारे हे पुस्तक १९९९ च्या आरंभी मुक्त होणार, म्हणून एल्ड्रेड त्याची वाट पाहत होते. तोच ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून सर्व हक्कांची मुदत २० वर्षांनी वाढविली. उघडू लागलेले दार पुन्हा लागले. फ्रॉस्ट १९६३ सालीच वारले होते. मुदत वाढविल्याने ते आणखी एखादी कविता लिहितील अशी काही आशा नव्हती.

एल्ड्रेड न्यायालयात गेले. लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या प्राध्यापकांनी त्यांची बाजू मांडली. मुदत अशी पुनःपुन्हा वाढत राहिली तर ती मुदत कसली, असा त्यांचा प्रश्न होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ जानेवारी २००३ रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. मुदत किती असावी हे ठरविणे काँग्रेसचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. फ्रॉस्टचा तो संग्रह मोकळा झाला तो १ जानेवारी २०१९ रोजी.

पण खटला चालू असतानाच लेसिग आणि त्यांचे सहकारी आणखी एका गोष्टीचा विचार करीत होते. कायदा बदलणे आपल्या हाती नसेल. पण स्वतःच्या कृतीचे काय करावे हे तर प्रत्येक लेखकाच्या हाती आहे ना? आपली कृती इतरांनी घ्यावी, वापरावी, वाढवावी अशी असंख्य लेखकांची, शिक्षकांची आणि चित्रकारांची इच्छा असते. ती सांगण्यास त्यांना सोय नसते, एवढेच. कायदा मात्र सर्वांनाच ‘सर्व हक्क स्वाधीन’ म्हणणारे समजून चालतो. मग उसने घेऊ इच्छिणाऱ्याने पत्र लिहावे, लेखकाचा पत्ता शोधावा, उत्तराची वाट पाहावी. पत्ता न सापडल्यास काम सोडून द्यावे. देणारा देण्यास तयार आणि घेणारा घेण्यास उत्सुक, पण दोघांची गाठ पडत नाही, अशी ही स्थिती. यावर उपाय सोपा होता : लेखकाने परवानगी आधीच आणि सर्वांनाच देऊन ठेवावी, आणि तिच्या अटी कृतीवरच लिहून ठेवाव्यात. अशा लेखी परवानगीला मुक्त परवाना म्हणतात.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. संगणकाच्या क्षेत्रात रिचर्ड स्टॉलमन यांनी ती आधीच अमलात आणली होती. ते ज्या प्रयोगशाळेत काम करीत तेथे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. कागद अडकताच सर्वांना सूचना जावी अशी सुधारणा जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी केली होती. पण नव्या यंत्राची आज्ञावली त्यांना पाहूच दिली गेली नाही. दुरुस्ती करू शकणारा माणूस समोर उभा आणि दुरुस्तीला मात्र मनाई! यातून त्यांनी १९८३ साली सर्वांना मोकळ्या अशा आज्ञावली लिहिण्याचा संकल्प सोडला आणि १९८९ साली त्यांच्यासाठी एक परवाना तयार केला. त्यातील युक्ती मोठी मार्मिक होती. स्टॉलमन यांनी आपले हक्क सोडले नाहीत. उलट त्याच हक्कांच्या बळावर अट घातली, की ही आज्ञावली कोणीही घ्यावी व बदलावी, पण पुढे देताना तितकीच मोकळी द्यावी. ज्या कायद्याने कुंपण घालता येते, त्याच कायद्याने दार उघडे ठेवण्याची सक्तीही करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आज असंख्य मोबाइल फोनांच्या गाभ्याशी असलेली लिनक्स ही प्रणाली याच परवान्याखाली वाटली जाते.

लेसिग, एल्ड्रेड, प्राध्यापक हाल एबलसन आणि इतर काही जणांनी २००१ साली ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था स्थापन केली. १६ डिसेंबर २००२ रोजी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याच्या महिनाभर आधी, तिने आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. तिच्या नावातील ‘कॉमन्स’ हा शब्द मुळात इंग्लंडमधील खेड्यांचा. गावातील सर्वांची गुरे जेथे चरत अशी ती सामाईक जमीन. म्हणजेच आपल्याकडील गायरान. फरक इतकाच, की गायरानातील गवत गुरांनी खाल्ले की संपते. गोष्ट किंवा गाणे हजारांनी घेतले तरी मूळ मालकाकडे ते जसेच्या तसे राहते. संस्थेने आपल्या परवान्यांचे ब्रीद निवडले ते ‘सर्व हक्क स्वाधीन’ नव्हे आणि ‘कोणतेही हक्क स्वाधीन नाहीत’ हेही नव्हे, तर ‘काही हक्क स्वाधीन’.

कोणते हक्क राखावयाचे, हे ठरविण्यासाठी चार अटी केल्या आहेत. कोकणातील एखाद्या शिक्षकाने किनाऱ्यावरील पक्ष्यांची चित्रे काढली आणि ती परवान्यासह इंटरनेटवर ठेवली, असे समजा. पहिली अट श्रेयाची : चित्र घेणाऱ्याने चित्रकाराचे नाव दिलेच पाहिजे. ही अट सहाही परवान्यांत असते. दुसरी अट व्यापाराची : चित्रे वर्गात लावा, प्रदर्शनात मांडा, पण ती दिनदर्शिकेवर छापून विकू नका, असे शिक्षकाला म्हणता येते. व्यापार नेमका कशास म्हणावे यावर वाद होऊ शकतात, म्हणून ही अट घालताना थोडा विचार करणे बरे. तिसरी अट बदल न करण्याची : चित्र जसे आहे तसेच वाटावे, त्यातील बगळ्याच्या पायांत बूट घालू नयेत! एकनाथ महाराजांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस जे बजावले, ते याच जातीचे होते. ग्रंथ सर्वांचा, पण त्यातील शब्द जसेच्या तसे राहावेत, हा आग्रह सव्वाचारशे वर्षांनंतर अमेरिकेतील कायदेपंडितांनाही लेखकाचा रास्त आग्रह वाटला. चौथी अट स्टॉलमन यांच्या परवान्यासारखी : बदल करावयाचा तर करा, पण बदललेले चित्रही याच अटींवर सर्वांना द्या, माझ्याकडून मोकळे घेऊन तुम्ही त्याला कुंपण घालू नका.

चार अटींतून परवाने सहाच का होतात, हे गणित करून पाहण्यासारखे आहे. श्रेयाची अट सर्वत्र आहेच. उरलेल्या तीन अटी घालाव्यात किंवा न घालाव्यात, असे केल्यास आठ प्रकार होतात. पण ‘बदलूच नका’ आणि ‘बदललेले पुढे मोकळे द्या’ या दोन अटी एकत्र नांदू शकत नाहीत. जेथे बदलच नाही तेथे बदललेले काय देणार? तसे दोन प्रकार गळतात आणि सहा उरतात. प्रत्येक अटीला एक लहानसे वर्तुळाकार चिन्ह आहे : श्रेयासाठी माणसाची आकृती, व्यापारास मनाईसाठी काट मारलेले चलनाचे चिन्ह, बदलास मनाईसाठी बरोबरीच्या दोन रेघा, आणि चौथ्या अटीसाठी वळून आपल्याच जागी येणारा बाण. वकिलांसाठी लिहिलेला परवान्याचा संपूर्ण मसुदा लांबलचक असतो. त्याचा सारांश साध्या भाषेत एका पानात दिलेला असतो, आणि या चिन्हांवरून तर तो एका दृष्टिक्षेपात कळतो. ज्यांना काहीच राखावयाचे नाही त्यांच्यासाठी २००९ साली एक निराळा लेखही काढण्यात आला.

परवाना देणाऱ्याने दोन गोष्टी जाणून असाव्यात. एक, दिलेला परवाना परत घेता येत नाही. उद्या त्या शिक्षकाचे मन बदलले, तरी ज्यांनी चित्रे आधी घेतली त्यांना दिलेली परवानगी कायम राहते. बोललेला शब्द जसा माघारी घेता येत नाही, तसेच हे. दुसरी, जे आपले नाही त्यावर परवाना देता येत नाही. दुसऱ्याच्या छायाचित्रावर आपले नाव टाकून त्याखाली ‘मुक्त’ असे लिहिणे, हे शेजाऱ्याचे शेत गायरानात घालण्यासारखे आहे. इंटरनेटवर जे सहज दिसते ते सारे मोकळेच असते, असा समज अनेक शिकल्यासवरल्या माणसांचाही असतो. तो चुकीचा आहे. परवान्याची खूण नसेल तेथे कुंपण आहे असेच धरून चालावे.

या परवान्यांच्या आधारावर केवढी कामे उभी राहिली! विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, त्याची मराठी आवृत्ती निघाली. प्रारंभी त्यासाठी दुसरा एक मुक्त परवाना होता. २००९ पासून तो श्रेय आणि समान वाटप या दोन अटींच्या परवान्याखाली आहे. त्यातील लेख कोणीही घेऊन पुस्तकात छापू शकतो, विकूही शकतो. मात्र श्रेय द्यावे लागते आणि ते लिखाण तितकेच मोकळे ठेवावे लागते. याच दोन अटींवर गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली सर्वांना खुला केला. ग्रंथालयातील कपाटात जे खंड मोजक्या वाचकांच्या हाती पडत, ते त्यामुळे घरोघर पोहोचण्याजोगे झाले. लोकांच्या करातून जो ग्रंथ तयार झाला, तो लोकांना मोकळा असावा, हे न्याय्यच नव्हे काय?

लहान मुलांच्या पुस्तकांत या परवान्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. बंगळूर येथील प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचे गोष्टींचे भांडार इंटरनेटवर उघडले. त्यातील गोष्टी केवळ श्रेयाच्या अटीवर दिल्या जातात. त्यामुळे एका भाषेत लिहिलेली सचित्र गोष्ट दुसऱ्या भाषेचा शिक्षक आपल्या वर्गासाठी भाषांतरित करू शकतो, आणि ते भाषांतर पाहून तिसऱ्या भाषेचा शिक्षक आणखी एक करू शकतो. मेळघाटातील एखाद्या शाळेत पहिलीत येणारे मूल घरी कोरकू बोलते. त्याच्या भाषेत चित्रांचे पुस्तक छापून कोणा प्रकाशकाला नफा होण्याजोगे नाही. हजार प्रती खपणार नाहीत हे त्याला ठाऊक असते, आणि त्याला दोष देऊनही उपयोग नाही. ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे लिहिलेल्या पुस्तकाचे भाषांतर करून वाटण्यास त्या मुलाच्या शिक्षकाने प्रत्येक लेखकाकडे आणि प्रत्येक चित्रकाराकडे पत्रे धाडावीत, तोवर ते मूल दुसरीत गेलेले असते. मुक्त परवाना असेल तर तो शिक्षक त्याच दिवशी कामाला लागतो. ज्या भाषांत पुस्तके थोडी आहेत, तेथे या एका दिवसाचे मोल फार आहे.

यावर कोणी विचारील, की सारेच असे वाटू लागले तर लेखकाने खावे काय? प्रश्न योग्य आहे. ज्याचे पोट पुस्तकाच्या विक्रीवर चालते, त्याने सर्व हक्क आपल्याकडे ठेवले तर त्यात लोभ नाही. शेतकऱ्याने आपल्या शेताला कुंपण घातले म्हणून त्याला कोणी स्वार्थी म्हणत नाही. मुक्त परवाना हे दान आहे, आणि दान मागून घ्यावयाचे नसते, तसे ते हिसकावूनही घ्यावयाचे नसते. म्हणूनच या परवान्यांत कोणत्याही लेखकावर सक्ती नाही. एकच लेखक आपली एक कादंबरी राखून ठेवतो आणि मुलांसाठी लिहिलेली गोष्ट मोकळी देतो, असेही होते.

घेणाऱ्याकडून मात्र एक गोष्ट अवश्य अपेक्षित असते, आणि तिला पैसा लागत नाही. शाळेच्या हस्तलिखितासाठी वा भित्तिपत्रकासाठी परवान्याखालील चित्र घेतले, तर त्याखाली चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव, ते कोठून घेतले ते ठिकाण आणि परवान्याचे नाव लिहावे. चित्र कापले, रंग बदलले, किंवा गोष्टीचे भाषांतर केले, तर तसेही नमूद करावे. भाषांतर करणाऱ्याने मूळ लेखकाच्या नावाखाली स्वतःचे नाव लिहिण्यास हरकत नाही. कष्ट त्याचेही आहेतच. असे होत होत एखादी लहानशी गोष्ट चार भाषांतून फिरून येते, तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर नावांची एक रांगच उभी राहिलेली असते. कोणी लिहिणारा, कोणी चित्रे काढणारी, कोणी भाषांतर करणारा, कोणी त्या भाषांतराचे पुन्हा भाषांतर करणारी. यांपैकी बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते.